पॉइंट २२ प्रोन : लॉट बदलला की ग्रुप फुटतो, काडतुसं स्वतः भरता येतात का?

परभणी_प्रोन :

नमस्कार मंडळी. परभणीहून लिहायलोय. पाच वर्षं झाली शूटिंग करतोय, आधी तीन वर्षं एअर रायफल आणि आता दोन वर्षांपासून ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर पडून पॉइंट २२ रायफलनं. इथं १० मीटरची सोय आहे पण ५० मीटर मारायचं म्हटलं की रात्रीच्या रेल्वेनं पुणं गाठायचं, सकाळी बालेवाडीला उभं राहायचं, दोन दिवस मारायचं आणि परत यायचं, महिन्यातून एकदा जमतं, कधी तेही जमत नाही. त्यामुळं माझ्यासाठी एकेक राउंड, म्हणजे काडतूस, मोलाचा आहे, वाया घालवायला माझ्याकडं ना पैसा आहे ना दिवस.

प्रॉब्लेम असा की माझा स्कोअर ६० शॉटला ६०८ ते ६१२ मध्ये (दशांशात, एका शॉटचे जास्तीत जास्त १०.९) अडकून बसलाय. मागच्या वर्षी एक लॉट (फॅक्टरीत एका खेपेला बनलेली काडतुसं) मिळाला होता त्यात सलग दोनदा ६१६ च्या वर गेलो, वाटलं जमलं आता. तो संपला, त्याच कंपनीचं, त्याच नावाचं, त्याच रंगाचं खोकं परत घेतलं आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा भोकांचा झुबका, वर-खाली फुटायला लागला. दहातले सात एका जागी अन् तीन कुठंतरी वर नाहीतर खाली. स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) बघितली, बट प्लेट (खांद्याला टेकतो तो भाग) बघितली, सायटचे स्क्रू बघितले, सगळं जागच्या जागी. काय चुकायलंय तेच कळंना.

आता व्हिडिओत बघायलो की बाहेरदेशी लोक हजार यार्डावर मारतात आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. पितळी केस साफ करायची, मोजायची, पावडर अगदी दाण्या-दाण्यानं तोलायची, बुलेट किती आत बसवायची ते मायक्रोमीटरवर बघायचं. आणि त्यांचे ग्रुप बघितले की डोळे दिपतात. मग डोक्यात आलं की आपल्याला हे का करता येऊ नये? निदान पॉइंट २२ ची तरी? आमच्या ओळखीत एकजण म्हणतोय की तालुक्याच्या गावाला एक म्हातारबा आहेत, ते पूर्वी बारा बोरची काडतुसं परत भरून द्यायचे, त्यांना विचारून बघू.

दुसरं असं की भरता येत नसतील तर निदान वजन करून निवडून घेतली तर फरक पडतो का? कोणी केलंय का? तेजस्विनी सावंत ताईंनी २०१० ला म्युनिकमध्ये प्रोनमध्येच वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, दोघंही कोल्हापूरकडचे. आपल्या मराठवाड्यातून त्या लेव्हलला कोणीतरी जावं असं मनापासून वाटतं, माझं वय गेलं असेल पण माझ्या हाताखाली दोन पोरी शिकायलेत, त्यांना मी चुकीचं काही सांगू नये म्हणून विचारतोय. सविस्तर सांगा.

बालाघाट_२२ :

दादा, सगळ्यात आधी त्या म्हातारबांचा विषय डोक्यातून काढा. आजच काढा. आर्म्स ॲक्ट १९५९ चं कलम ५ बघा, लायसन्सशिवाय शस्त्र किंवा काडतूस तयार करणं हा सरळ गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा लई वाढलीय. तुमच्याकडं रायफलचं लायसन्स आहे म्हणजे काडतूस बनवायचं लायसन्स आहे असं होत नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पूर्वी गावोगाव भरून देणारे होते हे खरं पण त्या जमान्यात जे चाललं ते आज चालत नाही आणि तुमच्यावर एक केस पडली की लायसन्स गेलं, रेंज गेली, त्या दोन पोरींचं शिकणं गेलं.

दुसरं, कायदा बाजूला ठेवला तरी पॉइंट २२ परत भरता येतच नाही. कारण सांगतो. मोठ्या काडतुसात, म्हणजे सेंटरफायरमध्ये, केसच्या बुडाला मधोमध एक छोटी टोपी बसवलेली असते, तो प्रायमर. वापरला की काढून टाकायचा, नवा ठोकायचा, केस परत वापरायला तयार. आपली पॉइंट २२ रिमफायर आहे. तिच्यात वेगळा प्रायमर नसतोच, पेटणारा मसाला केसच्या बुडाची जी कड असते ना, रिम, तिच्या आतल्या पोकळीत गरगर फिरवून भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटून कड चेपते आणि मसाला पेटतो. एकदा चेपली की ती केस भंगार. आणि तो मसाला फॅक्टरीत सुद्धा ओला असताना भरतात, सुका हाताळणं जिवावरचं काम आहे. म्हणून जगात कुठंही जा, ऑलिम्पिकला जाणारा शूटर असला तरी पॉइंट २२ फॅक्टरीचीच मारतो. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस, हीच नावं फिरून फिरून दिसतील.

म्हणजे व्हिडिओतले ते लोक वेगळा खेळ खेळायलेत. त्यांच्याकडं भरायला जागा आहे, आपल्याकडं निवडायला जागा आहे. निवडायचं कसं ते इथले जाणकार सांगतील, गारखेड्याच्या ताई दिसल्या तर त्यांना विचारा, त्यांनी पोरांकडून लई टेस्टिंग करून घेतलंय.

माजी_फौजी_बीड :

परभणीकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी फौजेत असताना बिग बोर (मोठ्या काडतुसाची रायफल) ३०० मीटर बरीच वर्षं मारलं, आम्हाला ॲम्युनिशन सरकारी मिळायची, भरायचा प्रश्न नव्हता. पण एकदा बाहेरच्या एका स्पर्धेत शेजारच्या लेनवरच्या शूटरशी दोस्ती झाली, त्यानं त्याची वही दाखवली आणि तेव्हा मला कळलं की हे लोक नेमकं काय करतात. ते तुम्हाला सांगतो कारण त्यातला विचार तुमच्या कामाचा आहे, भरणं नाही.

त्या वहीत प्रत्येक केसचा हिशोब होता. कुठल्या लॉटची, किती वेळा झाडली, मान कधी तापवून मऊ केली, लांबी कधी कापली. पितळ प्रत्येक फायरला थोडं ताणतं आणि कडक होतं, मानेची पकड बदलली की बुलेट सुटायचा जोर बदलतो, जोर बदलला की वेग बदलतो. पावडर प्रत्येक केसमध्ये तोलून. बुलेट बॅरलच्या आट्यांपासून किती लांब ठेवायची तेही ठरलेलं. मग तो थोडी थोडी पावडर वाढवत पाच-पाच काडतुसं भरायचा, क्रोनोग्राफवर वेग मोजायचा, आणि बघायचा की कुठल्या टप्प्यावर पावडर जराशी कमी-जास्त झाली तरी गोळी त्याच उंचीवर लागते. तो टप्पा सापडला की तिथं थांबायचं. सगळ्यात वेगवान लोड कधीच घ्यायचा नाही म्हणाला, सगळ्यात एकसारखा घ्यायचा. आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, ते प्रत्येक रायफलचे वेगळे असतात आणि मर्यादेच्या वर गेलं की प्रेशर वाढून बोल्ट तोंडावर येतो, इथं वाचून कोणी करून बघू नये.

आता हे एवढं का करतात? हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. तिथं पोचेपर्यंत गोळी दहा-एक मीटर खाली पडलेली असते, ती खाली पडणारच हे धरूनच सायट लावलेली असते. पण वेगात एका टक्क्याचा फरक पडला की पडण्यात दोन टक्क्यांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे गोळी वीतभर वर नाहीतर वीतभर खाली. नेम अचूक, श्वास अचूक, ट्रिगर अचूक आणि गोळी वीतभर खाली! म्हणून ते लोक दाणा-दाणा तोलतात. ३०० मीटरवर तोच एक टक्का दीड-एक सेंटिमीटरचा फरक करतो, आणि तिथला दहाचा गोल १०० मिलिमीटरचा, म्हणून आमचं सरकारी ॲम्युनिशनवर निभावून जायचं.

आता तुमच्या ५० मीटरचं गणित करून बघा. मॅचची पॉइंट २२ साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंदानं निघते, टार्गेटवर पोचायला ०.१६ सेकंद लागतात, तेवढ्यात ती १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात ३ मीटरचा फरक म्हणजे एक टक्का, म्हणजे टार्गेटवर अडीच मिलिमीटर वर-खाली. तुमचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटरचा. अडीच मिलिमीटर थोडे नाहीत.

आणि तुमच्याच पोस्टमध्ये उत्तर आहे बघा. तुम्ही लिहिलंय ग्रुप "वर-खाली" फुटतो. डावी-उजवीकडं फुटला असता तर मी म्हटलं असतं वारा बघा किंवा ट्रिगर बघा. नुसता उभा फुटायला लागला आणि तेही लॉट बदलल्याबरोबर, तर पहिला संशय वेगावर घ्यायचा. पहिला म्हटलं हां, एकमेव नाही. श्वास चुकला तरी उभाच फुटतो.

परभणी_प्रोन :

फौजी काका, आजवर कोणी मला हे असं आकडे मांडून समजावलं नव्हतं. वीतभरचं ऐकून अंगावर काटा आला. म्हातारबांचा विषय संपला, बालाघाट दादा तुमचे आभार, मला वाटलं होतं आपल्या स्वतःच्या वापरासाठी चालत असेल.

आता टेस्टिंगचं सांगा. मी नवीन लॉट घेतला की पाच शॉट मारतो, ग्रुप बरा दिसला की घेतो. गेल्या वेळी पण तसंच केलं होतं, पाच शॉट एका भोकात गेले म्हणून दहा डबे घेऊन टाकले आणि आता हे असं. माझ्याकडं रायफल धरायचा क्लॅम्प नाही, बालेवाडीत कोणाचा मिळाला तर मिळाला. क्लॅम्पशिवाय होतं का? आणि किती शॉट मारायचे?

गारखेडा_ताई :

उशिरा बघितलं, पोरांच्या परीक्षा होत्या. लांब लिहिते, वेळ काढून वाचा.

तुमची चूक त्या पाच शॉटमध्ये आहे, आणि ती चूक नव्वद टक्के लोक करतात म्हणून मनाला लावून घेऊ नका. कमी शॉटचा ग्रुप नेहमी खोटं बोलतो. समजा एकच लॉट आहे, एकच रायफल आहे, तर तीन शॉटचा ग्रुप सरासरीनं दहा शॉटच्या ग्रुपच्या दोन-तृतीयांशाहूनही लहान येतो, काहीही न बदलता. पाचचा पण लहानच दिसतो. आणि नशिबानं एखादा पाचचा ग्रुप एका भोकात जातोच, वाईट लॉटमधून सुद्धा जातो. म्हणून दहा-दहाचे ग्रुप, एका लॉटचे किमान चार, म्हणजे ४० शॉट. पन्नासच्या डब्यातले दहा उरतात ते सुरुवातीला बॅरलला सवय लावायला.

ही सवय म्हणजे काय ते सांगते कारण यावर फार कोणी बोलत नाही. पॉइंट २२ च्या शिशाच्या गोळीवर मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो, आणि प्रत्येक कंपनीचा तो वेगळा. बॅरलच्या आत त्याचा एक थर बसतो. कंपनी बदलली की जुना थर जाऊन नवा बसेपर्यंत वीस-तीस शॉट ग्रुप भरकटतो. लोक काय करतात, नवीन कंपनीचे दहा मारतात, भरकटलेले दिसतात, म्हणतात हे ॲम्युनिशन माझ्या रायफलला चालत नाही. त्याला संधीच दिली नाही तुम्ही! तर कंपनी बदलत असाल तर आधी २५ एक शॉट बिनहिशोबी मारा, मग मोजायला लागा. बॅरल नुकतीच साफ केली असेल तरी तेच.

पण एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे तीन लॉट तपासायचे असतील तर मेण तेच असतं. मग पहिल्याचे ४०, मग दुसऱ्याचे ४० असं मारू नका. पहिल्याचे दहा, दुसऱ्याचे दहा, तिसऱ्याचे दहा, परत पहिल्याचे दहा असं फिरवा. का, तर सकाळी आठला वारा पडलेला असतो आणि अकराला उठतो. ५० मीटरवर आडवा वारा नुसता एक मीटर प्रति सेकंद असला, म्हणजे पान हलेल न हलेल एवढा, तरी गोळी ५ मिलिमीटर सरकते. मग ज्या लॉटच्या वाट्याला सकाळ आली तो चांगला ठरतो आणि ज्याच्या वाट्याला अकरा वाजले तो बिचारा वाईट ठरतो, लॉटचा काही दोष नसताना.

क्लॅम्पचं म्हणाल तर असेल तर उत्तम, कारण त्यातून तुमचा श्वास, नाडी, गाल सगळं बाजूला होतं आणि उरते फक्त बॅरल आणि गोळी. चांगला लॉट क्लॅम्पमधून दहाचा ग्रुप भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत १३-१४ मिलिमीटरमध्ये देतो, त्याहून लहान दिला तर सोनं समजा. नसेल तर पुढं वाळूची पिशवी, मागं छोटी पिशवी, आणि स्वतः हात कमीत कमी लावायचा. ते पण नसेल तर सरळ स्लिंग लावून प्रोनच मारा पण मग ४० वर थांबू नका, ६०-८० मारा, आणि दुसऱ्या माणसाला लॉट भरून द्यायला सांगा, कुठला लॉट चालू आहे ते तुम्हाला कळायला नको. मी पोरांना असंच करायला लावते. ज्या डब्यावर महागातलं नाव दिसतं त्याच्यावर आपण जास्त जीव लावून मारतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

मोजायचं कसं? नुसता ग्रुपचा बाहेरचा व्यास मोजला तर एका फ्लायरवर, म्हणजे एकट्याच लांब गेलेल्या शॉटवर, सगळं ठरतं. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर प्रत्येक शॉटची जागा मिळते, ती लिहून घ्या. दशांशाचं गणित सोपं आहे : गोळी ५.६ मिलिमीटरची, दहाचा गोल १०.४ चा, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत असला की दहा. ते ८ मिलिमीटर दहा घरात वाटले, म्हणजे केंद्रापासून प्रत्येक ०.८ मिलिमीटर सरकलं की तुमचा ०.१ गेला. फौजी काकांचे ते अडीच मिलिमीटर आठवा, म्हणजे ०.३ पॉइंट! साठ शॉटमध्ये असे पंधरा-वीस निघाले की पाच-सहा पॉइंट तिथंच गेले, आणि तुमचा ६१६ आणि ६१० मधला फरक तेवढाच आहे. मी उभा पसारा आणि आडवा पसारा वेगळा लिहायला लावते. उभा कमी असलेला लॉट निवडायचा, आडव्याचं वारा आणि आपण बघून घेऊ.

एअर रायफलवाल्या पोरींना पण हेच शिकवा. तिथं दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आहे आणि पेलेट ४.५ ची, म्हणजे पेलेटचा मध्य अडीच मिलिमीटरच्या आत हवा, एक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. पेलेटच्या डब्यावर डोक्याचा आकार लिहिलेला असतो, ४.४९, ४.५०, ४.५१, एकाच कंपनीचे दोन-तीन आकार मागवून तपासायचे. कुठला आकार कोणाच्या बॅरलला बसेल हे सांगता येत नाही. मैत्रिणीला ४.५० चालतो म्हणून आपल्याला चालेल असं नसतं. पेलेट निदान स्वस्त आहेत, तिथं टेस्टिंगला कंजूषपणा करू नका.

आणि आपल्याकडचं ऊन! हे पुण्या-मुंबईचे कोच सांगणार नाहीत कारण त्यांना तेवढं भोगावं लागत नाही. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवू नका. मेण मऊ होतं, एका बाजूला ओघळतं, वेग बदलतो. घरात जी सगळ्यात थंड, कोरडी, कुलपाची जागा असेल तिथं ठेवा. रेंजवर डबा उन्हात उघडा नको, टॉवेलखाली सावलीत. आणि बॅरल तापलेली असताना बोल्ट बंद करून मिनिटभर वारा बघत बसू नका, गोळी चेंबरमध्ये शिजते आणि तो शॉट वर जातो. वारा आधी बघा, मग भरा. थांबावं लागलं तर काढून घ्या. डिसेंबरच्या सकाळी लावलेली सायट एप्रिलच्या दुपारी तशीच राहत नाही, सायटचे क्लिक बदलावे लागतात, त्याची पण वही ठेवा.

जालनेकर_३०० :

ताईंचं सगळं पटलं पण वजनाचं कोणी बोललंच नाही. मी मागच्या हिवाळ्यात सराफाकडचा काटा आणून दोन डबे तोलले, मिलिग्रॅमपर्यंत. जड-हलके वेगळे काढले, अगदी टोकाचे दहा-बारा बाजूला ठेवले आणि मधले मॅचला वापरले. मला तर फरक जाणवला, स्कोअर तीन पॉइंटनं वाढला. कडेची जाडी मोजायचं गेज पण मिळतं म्हणतात.

गारखेडा_ताई :

जालनेकर, तुम्ही मेहनत केलीत त्याचं कौतुक आहे, पण जरा विचार करा की काट्यावर तुम्ही काय तोलताय. पूर्ण काडतूस तीन-साडेतीन ग्रॅमचं. त्यात एकटी गोळी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅम. उरलेलं बहुतेक पितळ. पावडर ग्रॅमचा दहावा भाग सुद्धा नसते. म्हणजे काडतूस दहा मिलिग्रॅम जड निघालं तर ते शिसं जास्त आहे, की पितळ जाड आहे, की मेण जास्त लागलंय, की पावडर जास्त आहे? काटा सांगू शकत नाही. वेगावर सगळ्यात जास्त परिणाम करते ती पावडर आणि कडेतला मसाला, आणि त्यांचंच वजन त्यात सगळ्यात कमी. तुमचा फौजी काकांच्या त्या शूटरसारखा विचार आहे पण त्याच्या हातात पावडर वेगळी होती, तुमच्या हातात बंद काडतूस आहे.

तीन पॉइंट वाढले ते खोटं म्हणत नाही मी. पण एका मॅचचे तीन पॉइंट वाऱ्यानं पण येतात, मन शांत असल्यानं पण येतात. तुमच्याकडं ते बाजूला काढलेले जड-हलके असतील तर मोकळ्या मनानं एक करा, ते दहा-बारा आणि मधले दहा-बारा कोणाला तरी आलटून पालटून भरून द्यायला सांगा, तुम्हाला न सांगता. तीन-चार वेळा करा. खरंच फरक निघाला तर इथं लिहा, मी माझं मत बदलीन. साध्या ट्रेनिंगच्या स्वस्त राउंडमध्ये वजनानं एखादा पार बिघडलेला सापडूही शकतो, महागाच्या मॅच राउंडमध्ये तो वेळ ड्राय फायरिंगला (बिनगोळीच्या सरावाला) द्यावा असं मला वाटतं.

माजी_फौजी_बीड :

ताईंच्या म्हणण्यात एक भर. डब्यावरचा लॉट नंबर वहीत उतरवायचाच, एलीच्या डब्यावर तर त्या लॉटचा वेग पण छापलेला असतो, फूट प्रति सेकंदात. तुमच्या जुन्या चांगल्या लॉटचा रिकामा डबा असला तर शोधा. त्याच वेगाच्या आसपासचे लॉट आधी तपासायला घ्या, हमी नाही पण शोधायला सुरुवात तिथून करता येते. लापुआवाल्यांचं जर्मनीत टेस्ट सेंटर आहे, रायफल घेऊन जायची, ते मशीनवर बॅरल बसवून लॉट काढून देतात. आपल्या पोरांनी तिथं जायची वेळ येईल तेव्हा येईल, तोवर वाळूची पिशवी आहे.

परभणी_प्रोन :

महिना-दीड महिन्यानं लिहायलोय, माफ करा, पण रिकाम्या हातानं यायचं नव्हतं.

जुना डबा सापडला, पोरीनं त्यात टाचण्या ठेवल्या होत्या! नंबर आणि वेग मिळाला. बालेवाडीला गेलो तेव्हा एका ओळखीच्या शूटरनं मदत केली, त्याच्या क्लबमार्फत त्याच कंपनीचे तीन लॉटचे एकेक डबे माझ्या लायसन्सवर रीतसर घेतले आणि माझ्याकडचा भरकटणारा चौथा. क्लॅम्प नाही मिळाला. वाळूच्या पिशव्यांवर मारले, ताईंनी सांगितल्याप्रमाणं तो मित्र शेजारी बसून भरायला देत होता, कुठला लॉट ते मला सांगत नव्हता. दहा-दहाचे ग्रुप, फिरवून फिरवून, दोन सकाळी मिळून प्रत्येकाचे ४०. आठ वाजता सुरू करून साडेदहाला बंद.

माझा भरकटणारा लॉट चौथा नंबर आला, त्याचा उभा पसारा सगळ्यात मोठा, दहाच्या ग्रुपला सरासरी २१ मिलिमीटर. सगळ्यात चांगल्याचा १३. आडवा पसारा चौघांचा जवळपास सारखाच! ते कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा मी बराच वेळ बघत बसलो, वर्षभर मी स्वतःला दोष देत होतो, बट प्लेट फिरवत होतो, स्लिंगची भोकं बदलत होतो. आणि गंमत बघा, ज्याचा वेग जुन्या लॉटशी जुळत होता तो पहिला नाही आला, दुसरा आला. काका बरोबरच म्हणाले होते, हमी नाही.

पण एक खरं सांगायला पाहिजे. चांगल्या लॉटनं पूर्ण ६० ची मॅच मारली, ६१४.३ आला. ६१६ नाही. शॉटच्या जागा लिहून घेतल्या होत्या म्हणून कळलं की शेवटच्या वीसमध्ये माझे शॉट हळूहळू खाली सरकायलेत, डावा कोपर दुखायला लागला की मी श्वास पूर्ण सोडायच्या आधी ट्रिगर घेतोय. आधी तो खराब लॉट एवढा पसरायचा की त्यात माझी ही चूक दिसतच नव्हती. आता दिसायला लागली. त्यावर काम चालू केलंय, रोज घरी चाळीस मिनिटं ड्राय, कोपराखाली जाड मॅट.

पोरींचे पेलेट पण तपासले. थोरलीला ४.५० बसला, धाकटीच्या रायफलला ४.४९, दोघींना मी वर्षभर एकाच डब्यातून देत होतो.

आता एक विचारायचंय. तो पहिला आलेला लॉट क्लबकडं थोडाच शिल्लक आहे. लातूर, बीड, जालना, संभाजीनगरचे ज्यांना ५० मीटरला तीच कंपनी चालते त्यांनी आपापल्या लायसन्सवर, आपापल्या कोट्यातून, पण एकाच वेळी मागणी दिली तर क्लब आपल्यासाठी तो लॉट बाजूला ठेवील का? मी घ्यायचे आणि वाटायचे असं नाही, ते चालणार नाही हे मला बालाघाट दादांनी शिकवलंय. आधी प्रत्येकानं एकच डबा घेऊन आपल्या बॅरलमधून ४० मारून बघायचे, माझ्याला चालला म्हणजे तुमच्याला चालेलच असं नाही. पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी मी परत बालेवाडीला आहे, वाळूच्या पिशव्या घेऊन येतोय. कोण कोण येताय?

जालनेकर_३०० :

मी येतो. माझे ते जड-हलके वेगळे काढलेले पण घेऊन येतो, तुम्ही मला न सांगता भरून द्या.